राखून ठेवलेला मुद्दा

टेलरबाईंकडे शिवण शिकायला येणाऱ्या पोरींना कात्री हातात मिळण्याआधी एक गोष्ट ऐकावी लागे: सगळं कापड एकदम कापायचं नाही. शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोडायचं, चांगला तुकडा बाजूला ठेवायचा. बाई स्वतःही तशाच जगल्या. साखरेचा अर्धा डबा ‘असू दे’ म्हणून वेगळा. शेजारणी हसायच्या, आणि महिनाअखेरीला वाटी घेऊन त्यांच्याच दारात यायच्या.

बाईंचा धाकटा भाऊ नऊ वर्षं खुनाची शिक्षा भोगत होता, तीही एकाच साक्षीदाराच्या शब्दावर. सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाईक बाईच्या कोटाचं माप घेताना ती सहज बोलून गेली, “तो साक्षीदार माझा दीर. त्या संध्याकाळी तापाने फणफणून आमच्याच घरी पडला होता. तो कुठला बघतोय खून!”

बाईंच्या हातातली टेप गळून पडली. पण भावाच्या सुटकेचा पहिला अर्ज त्याच आठवड्यात जायचा होता. पहिल्या वकिलाने खटला नीट चालवला नाही, एवढाच त्यात मुद्दा होता. बाईंनी हिशोबी डोकं चालवलं. हा आधी लागू दे, नाही चालला तर हे आहेच हातात. “गरज पडली की बोलावते,” असं त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं. भावाला तर काहीच सांगितलं नाही. उगाच आस कशाला लावायची?

तो अर्ज सहा वर्षं रेंगाळला, त्यात पोराच्या सुटकेची वाट बघत आई गेली, आणि महिन्यापूर्वी तो फेटाळला गेला. बाईंनी डोळे पुसले आणि हुकमाचं पान काढावं तशा ऐटीत नव्या वकीलबाईंपुढे ती गोष्ट मांडली.

“हे कधी कळलं तुम्हाला?”

“झाली की सहा वर्षं.”

“अहो, ही काय मुदत ठेव वाटली तुम्हाला?” वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. “नवा पुरावा कळल्यापासून वर्षाच्या आत आणावा लागतो. आणि आधीच्या अर्जात घेता आला असता तो मुद्दा घेतला नाही, तर तो तुम्ही सोडून दिलात असं कोर्ट धरतं.”

“सोडला नाही हो! राखून ठेवला होता.”

“कोर्टाला दोन्ही एकच.”

बाई पिशवी उचलून उठू लागल्या.

वकीलबाई म्हणाल्या, “एक वाट आहे. अर्ज भावाचा आहे. त्यांना हे माहीत नव्हतं ना? मग त्यांचं वर्ष त्यांना कळेल त्या दिवसापासून मोजा, असं म्हणता येईल. पण तसं तुम्हाला शपथेवर लिहून द्यावं लागेल. ‘मला माहीत होतं, मी त्याला सांगितलं नाही,’ असं. तरी कोर्ट ऐकेलच, असं नाही.”

“तो ते वाचेल?”

“वाचूनच सही करतील.”

आठवडाभर बाईंची सुई कापडाऐवजी बोटातच जास्त शिरली. कोर्टाची भीती एकीकडे होतीच, पण त्याहून मोठी भीती भावाची होती. कडेवर घेऊन वाढवलेलं पोर ते! ते हे वाचणार! सही नुसती लांबवत न्यावी, असंही एकदा मनात येऊन गेलं. मग स्वतःचीच इतकी शिसारी आली की त्या तशाच उठल्या आणि जाऊन सही करून आल्या.

पुढच्या भेटीच्या दिवशी काचेपलीकडे भाऊ आला तो हसतच. बाईंनी फोन उचलला.

“ताई, वाचला तुझा कागद,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “काय झक्कास थाप मारलीस गं! सहा वर्षं माहीत होतं म्हणे! वकीलबाईंनी सुचवलं ना? माझ्यासाठी शपथेवर खोटं बोललीस.”

हो म्हणायला किती सोपं होतं! मागच्या शिपायाने वेळ झाल्याची खूण केली.

“थाप नाही रे ती,” त्या म्हणाल्या. “खरं आहे.”

भावाच्या चेहऱ्यावरचं हसू जायलाही वेळ लागला.

“पण आई जाऊन दोनच वर्षं झाली, ताई,” तो म्हणाला.