फुलीतून आलेली पहार

मामांनी आखलेला रेल्वेचा बोगदा सातारा आणि सांगली अशा दोन्ही बाजूंनी खणत येऊन एका सकाळी मधोमध जुळला. मी तेव्हा सातारच्या बाजूला उभी होते. आज वडूजला शेजारच्या विहिरीत सुरुंग उडाला आणि त्या वासाने ती सकाळ आठवली.

मामा रेल्वेत इंजिनियर होते. डोंगराची मोजणी त्यांचीच होती. बोगदा चुकला तर नोकरी सोडेन, असं त्यांनी वरिष्ठांना सांगितलं होतं. पलीकडची पहार जिथे यायला हवी, तिथे त्यांनी खडूने फुली केली होती.

"सायेब, पल्याडला ठोका वरनं येतुया," आमचा मुकादम म्हणाला. "दोन बोगदं हुत्याल."

"एकाला तुझं नाव देऊ," मामा म्हणाले.

पहार फुलीतूनच आत आली. पाठोपाठ गार वारा आला. मामांच्या मुठीतल्या खडूचा चुरा झाला होता. तेव्हा मला त्याचं फक्त हसू आलं होतं.

आधी पोचणाऱ्याला दुसऱ्या बाजूने नारळ द्यायची रीत होती. आमच्या मुकादमाने भोकातून सांगलीकडच्या मुकादमापुढे नारळ केला. "घ्या पावणं, जिकलासा."

पुढे मामा आमदार झाले. निकालाच्या दिवशी सांगलीकडचा मुकादम गुलालातून वाट काढत आला आणि त्याने मामांच्या हातात नारळ ठेवला.

"घ्या सायेब, ह्या खेपंला तुमी जिकलासा."