बांबू सरळ होता, तरी भांडण झालं

मंडळी, आज सकाळी आमच्या अंगणात भांडण झालं आणि मी चक्क खूश आहे.

बोंबील टांगून सुकत घालायला बांबूंची वलांडी बांधायची होती. नवऱ्याने ओट्याला लागून पहिला बांबू रोवला. सासूबाई लांबूनच म्हणाल्या, "सरळ न्हाय हाय तो."

"आई, एवढा सरळ बांबू अख्ख्या कोळीवाड्यात न्हाय," तो म्हणाला. दोघांचेही आवाज चढले.

माझ्या डोक्यात वेगळीच काळजी होती. उद्या आमच्या सहावीतल्या भार्गवीचा भूमितीचा पेपर आहे, आणि कालपर्यंत ती 'लंब म्हणजे लांब रेषा' असंच धरून बसली होती. समजावून समजावून मी थकले होते.

भांडण ऐकून ती कंपासपेटीतला गुण्या घेऊन बाहेर आली. त्याची एक बाजू तिने ओट्यावर टेकवली आणि कोपरा बांबूला लावला. वर बोटभर फट राहिली.

"पप्पा, बांबू सरळच आहे, कुठे वाकलेला नाही. पण आजीचंही बरोबर आहे. तो ओट्याला लंब नाही. इथे काटकोन होतच नाही."

मला इतकं हायसं वाटलं की आत चहा उतू गेला तरी मी जागची हलले नाही.

आता बांबू नीट उभा आहे. सासूबाई म्हणतात, "आता कसा सरळ झाला." भार्गवी म्हणते, "लंब झाला, आजी."

दोन माणसं बरोबर असूनही ज्याच्यावरून भांडतात, असा आमच्या घरातला शब्द आज सापडला: 'सरळ'. तुमच्या घरातला कोणता?