दोंडाईच्यातल्या साठजणी

“ही साठ नावं बोगस आहेत,” मीनाक्षी मॅडम म्हणाल्या. “सोमवारी प्रतिभाला घरी पाठवते.”

“आधी खात्री करू,” मी म्हटलं. दया म्हणून नाही. रिपोर्ट माझ्या सहीनं जाणार होता.

मीनाक्षी मॅडम जळगावहून तरुण आईबापांसाठी ब्लॉग चालवतात. बाळाचं खाणं, झोप, ताप, शाळा. मी त्यांचं ईमेल न्यूजलेटर सांभाळते. ब्लॉगवर माणूस शोधत येतो, वाचतो, निघून जातो. न्यूजलेटर दर बुधवारी त्याच्या इनबॉक्समध्ये पोचतं, म्हणून तो टिकतो. शंभरातल्या किती जणांनी ते उघडलं, त्याला ओपन रेट म्हणतात. बाळांचं खाणं बनवणाऱ्या एका कंपनीला आमच्याबरोबर काम करायचं होतं. वाचक खरे आहेत, एवढं त्यांना लेखी हवं होतं.

प्रतिभा धुळ्याची. गावोगाव आयांच्या बैठका घ्यायच्या आणि नावं गोळा करायची, हे तिचं काम. दोंडाईच्यातली साठ नावं तिनं एकाच बैठकीत आणली होती. प्रत्येक ईमेल पत्त्यात @ च्या आधी तेच तीन आकडे. दर बुधवारी साठच्या साठ मेल उघडलेले. दुपारी दोनला पहिला, मग दर दोन मिनिटांनी एक, चारपर्यंत सगळे. क्रमही तोच. लिंकवर क्लिक मात्र एकीचंही नाही. खऱ्या आया अशा वागत नाहीत. एखादीचं पोर रडतं, एखादी विसरून जाते.

प्रतिभाला विचारलं.

“ताई, मी बघितलंय ना त्यांना! लेकरं मांडीवर होती त्यांच्या.”

“मग पत्ते एकाच साच्यातले कसे?”

“मोबाईलच्या दुकानात बनवून घेतले. कुणाकडेच ईमेल नव्हता, आणि आपला फॉर्म ईमेलशिवाय पुढे सरकत नाही.”

उत्तर अगदी तयार होतं. तयार उत्तरांवर माझा विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. तिला न सांगता मी गाडीनं दोंडाईच्याला गेले.

दुकान सापडलं तेव्हा दोन वाजून गेले होते. गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरमागे दुकानदाराची बायको बसली होती. कल्पना तिचं नाव. समोर टॅबलेट, शेजारी लांबट रजिस्टर. त्यात नावं, फोन नंबर, ईमेल आणि चक्क पासवर्ड. ती एक पासवर्ड टाकायची, आमचा मेल उघडायची, बोटानं तळापर्यंत सरकवायची, बंद करायची आणि पेननं टिक मारायची. मग पुढची ओळ.

म्हणजे पकडलं, असं मला वाटलं. मी ओळख सांगितली. ती घाबरेल अशी अपेक्षा होती. ती उलट माझ्यावरच उखडली.

“तुम्हीनच लिखेल शे ना, तीन महिना उघाडं नही ते नाव काढी टाकसूत म्हनीसन! मंग बठ्ठ्यास्ना नावं जातीन ना?”

लिहिलं होतं. मीच. जे लोक मेल उघडत नाहीत त्यांची नावं आम्ही अधूनमधून काढतो, नाहीतर आमचे मेल स्पॅममध्ये जायला लागतात. ती सूचना प्रत्येक मेलच्या तळाशी होती. शहरातलं कुणी तिच्याकडे बघतही नाही. कल्पनानं ती सरकारी नोटिशीसारखी घेतली होती.

“पण त्या बायका स्वतः का उघडत नाहीत?”

“त्यास्ले कोठे येस? मी वाचस, आपली बोलीमा सांगस, ग्रुपवर टाकी देस.”

ती दर बुधवारी मेल वाचून अहिराणीत आवाज रेकॉर्ड करायची आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची.

गोष्ट छान होती. छान गोष्टीही मी तपासते. रजिस्टरवर डोळे मिटून बोट ठेवलं आणि त्या नंबरला फोन लावला. मागच्या बुधवारी काय सांगितलं होतं, विचारलं.

“पोऱ्याले ताप उना ते गोधडीमा गुंडाळू नका,” पलीकडची बाई म्हणाली. “पन मनी सासू ऐकत नही. तिले येगळा मेल धाडा!”

आणखी चार फोन केले. चौघींना मजकूर पाठ होता. पाचवीनं मागच्या महिन्यातली माझी चूकही काढली.

रिपोर्टमध्ये मी साठ पत्ते काढून एकच वाचक धरला, आणि का ते लिहिलं. मॅडम भडकल्या.

“अगं, उघडतायत ना ते? मग मोजायला काय झालं?”

“एकच बाई उघडते. परवा तुम्हीच बोगस म्हणत होतात.”

कंपनीनं त्या वर्षी नकार कळवला. प्रतिभाची नोकरी राहिली. फॉर्ममधली ईमेलची सक्ती काढली आणि बुधवारचा मजकूर आता आवाजातही जातो. तो कल्पनाचाच असतो, नावासकट. पासवर्डचं रजिस्टर मात्र मी तिला माझ्यासमोर फाडायला लावलं. रजिस्टर दुकानाचं होतं, म्हणून तिचा नवरा अजून माझ्याशी धड बोलत नाही.

एक शिकले. ओपन रेट वाईट असला तर मजकूर तपासावा. फार चांगला असला तर गाडी पकडावी.