कानातला कापूस

"हाव, आयकलं," मिस्तरी म्हणाला आणि त्यानं काठीनं पट्टा चाकावर सरकवला.

मी त्याला सांगितलं होतं, "थांबा भाऊ, माहा हात आत हाय." जिनात, सरकी काढायच्या यंत्रात, अडकलेला कापूस मी काढत होते. रूळ फिरला. बांगड्या फुटल्या, पोलक्याची बाही आत ओढली गेली. मी ओरडले, पण माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही. मिस्तरीची पाठ माझ्याकडे होती. समोरच्या जिनावरच्या शांतानं ओंजळभर कापूस त्याच्या तोंडावर फेकला. त्यानं वळून पाहिलं आणि पट्टा उतरवला. मनगटाची सालटं निघाली. हात राहिला.

महाराष्ट्र तेव्हा नवा होता, खामगावची जिनं जुनी. सबंध दिवस असा खडखडाट, की घरी चुलीपुढं बसलं तरी कानात जिन चालूच. मिस्तरीचं आयुष्य त्यात गेलेलं. तुम्हीही पाहिला असेल असा सगळ्याला हो म्हणणारा माणूस. त्याच्या सुनेला मुलगी झाली म्हणून कुणी सांगितलं, तर म्हणाला, "हाव, आयकलं. उद्या दुरुस्त करतो." आम्हाला वाटायचं, मिस्तरी गमत्या आहे.

त्या दिवशी मी त्याच्या तोंडासमोर उभी राहिले. म्हटलं, "तुमाले आयकू येत नाही."

त्यानं आधी मालकाच्या खोलीकडं पाहिलं. "सांगू नको, बाई. काढून टाकतीन मले."

मी सांगितलं नाही. पण काठी त्याच्या हातातून काढून घेतली. तेव्हापासून जी आत हात घालेल, तिनं काठी मांडीखाली घेऊन बसायचं. काठीशिवाय पट्टा चढत नाही. भीती तरी जात नव्हती. हात आत घातला, की दुसऱ्या हातानं मी काठी चाचपायची.

मग त्यानं कापसाचे दोन बोळे वळून माझ्यापुढं धरले. "कानात घाल. मले उशीर झाला."

बाया घाबरल्या. कापूस मढ्याच्या नाकाकानात घालतात. मिस्तरीनंही त्याच भीतीनं कधी घातला नव्हता. मी घातला. आतून काळीज धडधडताना ऐकू यायचं, त्याचीही भीती वाटायची.

मिस्तरी म्हातारपणी गेला. त्याच्या कानात पोरानं कापूस घातला, तेव्हा मी बाहेर निघून आले.

शांता अजून आहे. तिनं कापूस कधी घातला नाही. काहीही सांगा, मान हलवते आणि म्हणते, "हाव, आयकलं."

आम्ही दोघी जगलो. ऐकू मला एकटीला येतं.