मेलेलं प्लास्टर

सकाळपासून धुकं हटायला तयार नव्हतं. अशा हवेत पुट्टी सुकता सुकत नाही, म्हणून टकटक्यानं घाई केली नाही. फरशीवर जुन्या चादरी अंथरल्या, खिडकी उघडली आणि पट्टीनं भिंतीचे पोपडे खरवडायला घेतले. उन्हानं पोळलेल्या पाठीची कातडी निघावी तसा रंग निघत होता.

टकटक्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तीस वर्षं रंगकाम करून त्याला खोडच लागली होती. बँकेच्या रांगेत उभा असला तरी बोटाच्या पेरानं शेजारची भिंत ठोकून बघणार. बायको म्हणायची, "माझ्या डोक्यापासून लांब राहा. पोकळ लागलं तर उतरवून टाकाल."

"तेवढी हिंमत असती तर अजून काय हवं होतं!" तो म्हणायचा.

पण ठोकणं हा पोरखेळ नव्हता. विटेला घट्ट धरलेलं प्लास्टर भरीव वाजतं, ते जिवंत. सुटलेलं बद्द वाजतं, ते मेलेलं. मेलेल्यावर कितीही भारी रंग चढवा, वर्षभरात भेगा. आणि कानानं दगा देऊ नये म्हणून प्रत्येक ठोक्याला मोठ्यानं बोलायचं, ही उस्तादाची शिकवण.

या घरी तो दोन वर्षांत तिसऱ्यांदा आला होता. दर वेळी भिंतीची तीच जागा सुटायची. कमरेच्याही खाली, ताटाएवढी. वरून नळ गेलेला नाही, मागे मोरी नाही, ओल औषधालाही नाही. मागे होती फक्त घरमालक काकांची खोली. दोन वर्षांपूर्वी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. अंग गेलं, वाचा गेली. समजही गेली असावी, असं डॉक्टर म्हणाले होते. आज दुपारी लेक गाडी घेऊन येणार होती आणि काकांची रवानगी शुश्रूषागृहात होणार होती.

"मला वाटतं त्यांना कळतं," चहाचा कप खिडकीत ठेवत काकू म्हणाल्या. "पण माझ्या वाटण्याला कोण विचारतं? लेक म्हणते, एक खूण दाखव. एक. कुठून आणू?"

काकू स्वयंपाकघरात गेल्या. टकटक्या उकिडवा बसला आणि पट्टीच्या मुठीनं ठोकू लागला.

"जिवंत. जिवंत. जिवंत." पट्टी पुढे सरकली. बद्द. "मेलंय."

ठक् ठक् ठक्.

हात जागच्या जागी थांबला. आवाज भिंतीतून आला होता.

उंदीर असेल, म्हणत त्यानं वीतभर पुढे ठोकलं. "जिवंत." काही नाही. पुन्हा मागे आला. "मेलंय."

ठक् ठक् ठक्. या वेळी जोरात. चिडल्यासारखं.

मग तो भिंत न ठोकताच, नुसता तोंडानं पुटपुटला, "मेलंय."

ठक्.

"काकू," त्यानं हाक मारली, "आत कोण आहे?"

"हेच फक्त. का हो?"

दोघं काकांच्या खोलीत गेले. काका उताणे, डोळे छताला, हात भिंतीकडे पडलेला, निश्चल. आपलंच चुकलं असं टकटक्याला वाटलं. मग त्याची नजर खाली गेली. चादरीची कड सारली, तर हात पडला होता तिथंच, भिंतीत नाण्याएवढा खळगा. घासून गुळगुळीत झालेला. काकांच्या पेरावर घट्टा होता आणि नखात चुना.

एवढ्याशा बोटानं पलीकडचं प्लास्टर सुटत नाही, हे टकटक्याला पक्कं माहीत होतं. तरी सुटलं होतं. तीनदा. आणि तीनही वेळा आपण या माणसापासून एका विटेच्या अंतरावर बसून बोललो होतो, मेलंय, पार मेलंय, उतरवून टाकू.

तो वाकला. "काका, ते मी प्लास्टरला म्हणत होतो. शपथ. तुम्हाला ऐकू येतंय?"

चादर हलली आणि पेर खळग्यावर आपटलं. काकांचे डोळे छतावरून सावकाश वळले आणि काकूंवर थांबले.

काकू खाटेच्या कडेवर बसल्या. आनंद व्हायला हवा होता. चेहरा मात्र पांढराफटक. "दोन वर्षं," त्या हळूच म्हणाल्या. "दोन वर्षं मी यांच्या उशाशी बसून फोनवर काय काय बोलले हो."

काका बघतच राहिले. पापणीही लवली नाही.

काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि व्हरांड्यात जाऊन लेकीला फोन लावला. "गाडी नको. तू एकटी ये. खूण सापडलीय... ते आल्यावर बघ. आणि हे बघ, घरात पाय ठेवलास की तोंड सांभाळून बोल."

टकटक्यानं छिन्नी-हातोडी उचलली. काकांच्या दारात जरा थबकला. "काका, आता मोठा आवाज होईल. दहा मिनिटं."

ठक्.

त्यानं ताटाएवढी जागा विटेपर्यंत मोकळी केली, धूळ झाडली, पाणी शिंपडलं. मग रिकामं घमेलं घेऊन प्लास्टरचा माल कालवायला मागच्या अंगणात गेला. वाळू ओली होती. ती आधी पसरून चाळावी लागणार होती.