दारुमाचा दुसरा डोळा

पुण्यात कॉलेजात असताना मी अंधश्रद्धेविरुद्ध, कामगारांच्या हक्कांसाठी पत्रकं लिहायचे. वर ठळक अक्षरांत प्रश्न, खाली तीन ओळींत निकाल. दुबईत पत्रकं वाटता येत नाहीत, म्हणून ती मी घरात आईला तोंडी वाटते.

गेल्या महिन्यात रास अल खोरमधलं आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर हललं. माझ्या बॉस जपानी आहेत. त्या तेव्हा सुट्टीवर वडिलांकडे निघाल्या होत्या. टेबलावरच्या शुभवस्तू त्यांनी माझ्याकडे सांभाळायला दिल्या आणि मी खोकं अल मनखूलला घरी आणलं. त्यात पंजा उचललेली मांजर होती. उजवा पंजा पैसा बोलावतो, डावा गिऱ्हाईक. दीर्घायुष्यासाठी कागदाचे करकोचे होते. आणि दारुमा: लाल, गोल, हातपाय नसलेला बाहुला, ढकलला की पुन्हा उभा. एक डोळा काळा, दुसरा कोरा.

"हे ड्रॅगन मार्टच्या चिनी बाजारात ढिगानं मिळतं," मी आईला म्हटलं. "भीती विकायचा धंदा सगळा." कोऱ्या डोळ्याचा अर्थ मला ठाऊक होता. तिला सांगायची मला गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी घरी आले तर दारुमाला दोन डोळे.

आईचं माहेर पेणचं. लग्नाआधी ती गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायची. बारीक ब्रश आणि काळा रंग अजून तिच्या कपाटात असतो.

"कुणीतरी अर्धवट सोडला होता गं बिचाऱ्याला," ती खुशीत म्हणाली. "मूर्ती अशी एकाक्ष ठेवू नये."

"आई! इच्छा धरताना एक डोळा रंगवतात, पुरी झाली की दुसरा! तू परक्या बाईची इच्छा परस्पर पुरी करून टाकलीस. अडाणीपणाची हद्द झाली!"

"पण तू तर म्हणतेस त्यात काही नसतं."

"नसतंच!"

"मग ओरडतेस कशाला?"

आईनं दारुमा हातात घेतला. "काय मागितलं असेल गं तिनं?"

मॅडम परत आल्या त्या दिवशी आई हट्टानं माझ्याबरोबर ऑफिसला निघाली. मी नको म्हणत होते. तिची साडी, तिचं मोडकंतोडकं इंग्लिश, सगळ्याची मला लाज वाटत होती. टॅक्सीत खोकं तिनं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

मॅडमनी दारुमा बाहेर काढला आणि त्या बघतच राहिल्या. मी घाईघाईनं इंग्लिशमध्ये म्हणाले, "सामान हलवताना कुणीतरी कामगारानं..."

एवढं इंग्लिश आईला कळतं.

"नो मॅडम. मी. माय हँड. सॉरी." तिनं हात जोडले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

कॉलेजात मी वाटायचे त्या पत्रकांतली अर्धी कामगारांच्या हक्कांची होती. त्या क्षणी ती सगळी कुणी माझ्या तोंडावर मारली असती तरी चाललं असतं.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे करून आईला बसवलं. मग मला सांगू लागल्या. पक्षाघातानं वडिलांची वाचा गेलीय. रोज लंच ब्रेकमध्ये त्या फोन लावतात, एकट्याच बोलतात, पलीकडून नुसता श्वास येतो. "कितीदा फोन करावासा वाटत नाही. मग या कोऱ्या डोळ्याकडे बघते. ते बोलतील की नाही, हे बाहुल्याच्या हातात नाही. फोन करणं माझ्या हातात आहे."

त्यांनी ड्रॉवरमधून व्हाइटनर काढला आणि आईनं आखलेला डोळा सावकाश बुजवला.

"काय म्हणतात गं?" आईनं विचारलं. मी पहिल्यांदाच माझं मत न जोडता सगळं सांगितलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, मी चपला काढत असतानाच आई विचारते, "बोलले का?"

"नाही."

"तिनं फोन केला ना पण?"

"केला."

"मग ठीक," म्हणून ती आत जाते. मी कामगारावर ढकलू पाहिलं, त्याबद्दल ती अजून एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

व्हाइटनरखालून बुबुळाची कड थोडी दिसते. लंच ब्रेकला मॅडम तिकडे बघत नंबर लावतात. मी मान खाली घालून आईनं दिलेला डबा खाते.