तात्यांची हाक

जळकोटच्या शिवारातून चौपदरी हायवे सुरू झाला, तेव्हा खूश झालेल्यांत मीही होतो. सोलापूरची नोकरी रोज घरून ये-जा करून करता येणार होती. पण आमची वस्ती रस्त्याच्या अलीकडं राहिली आणि चराईचं माळरान पलीकडं. पुलाखालून वाट ठेवली होती, तिच्यात कायम पाणी साचलेलं. मेंढरू तसल्या पाण्यात पाय घालत नाही, हे रस्ता आखणाऱ्यांना कोण सांगणार?

म्हणून माझे चुलते, तात्या, कळप घेऊन रोज वरूनच रस्ता ओलांडायचे. आमच्या घरात मेंढरं मागून हाकत नाहीत. धनी पुढं चालतो, हाक देतो आणि कळप त्याच्यामागं येतो. तात्यांची हाक ऐकली की मेंढरं तोंडातला पाला टाकून निघायची. याचा त्यांना भारी तोरा होता.

त्या रविवारी काकीबरोबर मीही सोबत होतो. तात्या पुढची मेंढरं घेऊन पलीकडं पोचले. मागची दुभाजकावरच थोपवावी लागली, कारण समोरून टँकर सुसाट येत होता. काकी काठी आडवी धरून उभी होती. तिच्या शेजारी माझा जीव टांगणीला लागलेला. मेंढरं अंग चोरून थरथरत होती, पण थांबली होती. टँकर तेवढा जाऊ दे, एवढंच मी मनात घोकत होतो.

मेंढरं भेदरलेली बघून पलीकडं तात्यांना राहवलं नाही. त्यांना धीर यावा म्हणून त्यांनी हाक दिली.

"अवो, हाक देऊ नगा!" काकी किंचाळली.

मेंढरांनी काठीवरून उड्या घेतल्या. काकीही त्यांच्या रेट्यात पुढं गेली. मी तिच्या दंडाला धरून तिला मागं ओढलं आणि आम्ही दोघं दुभाजकावर आपटलो. ब्रेक करकचून वाजले, पण उशीर झाला होता.

ड्रायव्हर उतरून ओरडला, "रस्ता काय मेंढरांसाठी बांधलाय का?" त्याच्या मुस्काटात द्यावी असं वाटलं. पण तोच वाकून चाकाखालची मेंढरं ओढून काढायला लागला.

तात्या डांबरावरच बसले. एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाले, "माझ्याच हाकंला आली रं ही."

उरलेली मेंढरं त्यांनी महिन्याभरात विकून टाकली. मी अजून त्याच रस्त्यानं नोकरीला जातो, आणि त्या दुभाजकाशी आलो की मला रस्त्याची चीड येते. काकी आता रानात खुरपायला जाते. तिला जेवायला बोलवायचं झालं, तर तात्या बांधावरून हाक देत नाहीत. पार तिच्याजवळ चालत जातात.